गोदी गेली, मनोरे आले

लंडनच्या पूर्वेला कॅनरी व्हॉर्फ नावाचा जो उंच इमारतींचा पुंजका उभा आहे, तिथे रोज कामाला जाणारी मराठी माणसे आता थोडीथोडकी नाहीत. कोणी बँकेचे संगणक सांभाळतो, कोणी हिशेबतपासनीस आहे, कोणी विमा कंपनीत आहे. आपल्यापैकी काहींनी तर आइल ऑफ डॉग्जवरच घरे घेतली आहेत आणि गॅलरीतून पाणी दिसते म्हणून पाहुण्यांना कौतुकाने दाखवलीही आहेत. हे पाणी म्हणजे काही निसर्गाने दिलेले तळे नव्हे. ती जुनी गोदी आहे. इथे १९३० च्या दशकात कॅनरी बेटांवरून येणारी फळे उतरवण्यासाठी एक वखार बांधली गेली, तिच्यावरून या जागेला कॅनरी व्हॉर्फ हे नाव पडले. फळे गेली, हमाल गेले, नाव तेवढे राहिले.

कारखाने आणि गोद्या म्हातारे झाले की त्यांच्या जमिनीचे करायचे काय, हा प्रश्न गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे ब्रिटनला पडला आहे. हाच प्रश्न मुंबईच्या गिरणगावालाही पडला. दोन्हीकडची उत्तरे वरवर सारखी दिसतात: काच, पोलाद, कार्यालये आणि महागडी घरे. ती उत्तरे परवडली का, आणि कोणाला परवडली, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. तो मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

साखर, रम आणि रोजंदारी

वेस्ट इंडिया गोदी १८०२ साली उघडली. कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांनी पिकवलेली साखर आणि त्यांनी गाळलेली रम इथे उतरत असे. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांसाठी १८०६ मध्ये ईस्ट इंडिया गोदी झाली. पुढे रॉयल व्हिक्टोरिया (१८५५), रॉयल आल्बर्ट (१८८०) आणि शेवटी किंग जॉर्ज पाचवा (१९२१) अशा एकीपेक्षा एक मोठ्या गोद्या खणल्या गेल्या.

या वैभवाच्या तळाशी रोजंदारीचा मजूर होता. सकाळी गोदीच्या दारात माणसांची गर्दी जमायची आणि मुकादम त्यांतून हवे तेवढे हात निवडायचा. उरलेले रिकाम्या हाताने घरी. मुंबईच्या गिरणीच्या फाटकावर उभा राहणारा बदली कामगार ज्यांनी पाहिला किंवा ज्यांच्या घरात तो होता, त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. १८८९ च्या मोठ्या संपात लंडनच्या गोदी कामगारांनी तासाला सहा पेन्सची मागणी केली आणि ती मिळवली. रोजंदारीची पद्धत मात्र मोडायला १९६७ साल उजाडावे लागले.

आणि दैवाचा खेळ असा की, ज्या वर्षी कामगाराला कायमपणा मिळाला त्याच वर्षी ईस्ट इंडिया गोदी बंद पडली. कारण कामगार नव्हते, कारण होते कंटेनर. लोखंडी पेटीत बंद झालेला माल उतरवायला हजारो हातांची गरज उरली नाही आणि ती पेटी वाहणारी अजस्र जहाजे जुन्या गोद्यांत मावेनात. बंदर नदीच्या मुखाकडे, टिलबरीला सरकले. (आपल्याकडे १९८९ मध्ये न्हावा शेवाचे बंदर सुरू झाल्यावर मुंबईच्या गोदीचे जे झाले, तेच हे.) सेंट कॅथरिन १९६८ मध्ये, वेस्ट इंडिया आणि मिलवॉल १९८० मध्ये, रॉयल गोद्या १९८१ मध्ये, अशा एकामागून एक साऱ्या मिटल्या. सुमारे साडेआठ चौरस मैलांचा पट्टा, तोही जगातल्या एका मोठ्या शहराच्या मध्यापासून तीन-चार मैलांवर, ओस पडला.

महामंडळाचा प्रयोग

स्थानिक पालिकांनी आधी आपल्या परीने योजना केली होती. १९७६ च्या आराखड्यात कामगारांसाठी घरे आणि लहानमोठे उद्योग यांवर भर होता. पण त्याच वर्षी ब्रिटनवर नाणेनिधीच्या दारात जाण्याची पाळी आली. आराखडा होता, पैसा नव्हता.

१९७९ मध्ये थॅचरबाईंचे सरकार आले. पर्यावरणमंत्री मायकेल हेसेल्टाइन यांनी १९८१ मध्ये लंडन डॉकलंड्स विकास महामंडळ स्थापन केले आणि टॉवर हॅम्लेट्स, न्यूहॅम व सदर्क या पालिकांचे त्या पट्ट्यातले बांधकाम-परवान्याचे अधिकार काढून महामंडळाच्या हाती दिले. लोकांनी निवडलेल्या पालिकेचा हक्क काढून नेमलेल्या मंडळाला दिला, हा रोष पुढे बरीच वर्षे धुमसत राहिला. १९८४ मध्ये इथल्या रहिवाशांनी चक्क बोटींचा मोर्चा काढून थेम्समधून पार्लमेंट गाठले होते.

१९८२ मध्ये आइल ऑफ डॉग्जवर ‘एंटरप्राइझ झोन’ जाहीर झाला. थोडक्यात सांगायचे तर दहा वर्षे मालमत्तापट्टी माफ, इमारतीवर केलेला सारा खर्च करपात्र नफ्यातून वजा करण्याची मुभा, आणि परवान्यांचा सासुरवास जवळजवळ नाही. तरीही पहिली काही वर्षे तिथे आले ते छापखाने आणि बसकी गोदामवजा बांधकामे. ऑक्टोबर १९८६ मध्ये शेअरबाजाराचे नियम सैल झाले, तेव्हा बँकांना प्रचंड मोठे मजले हवे झाले आणि सिटीत ते मिळेनात. मग कॅनडाच्या ऑलिंपिया अँड यॉर्क कंपनीने १९८७ मध्ये कॅनरी व्हॉर्फ उभारायला घेतले. पन्नास मजली मनोरा १९९१ मध्ये पुरा झाला, तो नेमका मंदीत. मे १९९२ मध्ये ब्रिटनमधला सर्वांत मोठा इमारतप्रकल्प दिवाळखोरीच्या कारभाऱ्यांच्या ताब्यात गेला.

इमारत नवी होती, भाडे कमी होते, करमाफी होती. मग घोडे अडले कुठे? रस्त्यात. डॉकलंड्सची छोटी रेल्वे १९८७ मध्ये सुमारे ७ कोटी ७० लाख पौंडांत उभी राहिली, पण ती फार लहान होती. पन्नास मजली मनोऱ्याच्या गर्दीचा विचार करून ती आखलेलीच नव्हती. मग लाइमहाउस लिंक हा जेमतेम सव्वा मैलाच्या आतला बोगदा झाला (१९९३). त्याला २९ कोटी ३० लाख पौंड लागले आणि देशातला सर्वांत महाग रस्ता म्हणून त्याची ख्याती झाली. अखेर ज्युबिली लाइन १९९९ मध्ये आली आणि तेव्हाच कॅनरी व्हॉर्फ खऱ्या अर्थाने चालू लागले. तिचा खर्च सुमारे ३५० कोटी पौंड.

हिशेब कोणाचा?

महामंडळ १९९८ मध्ये विसर्जित झाले तेव्हा त्याने आपला ताळेबंद मांडला. सरकारी गुंतवणूक १८६ कोटी पौंड, खाजगी गुंतवणूक ७७० कोटी पौंड. रोजगार सुमारे २७ हजारांवरून ८५ हजारांवर, लोकवस्ती सुमारे ३९ हजारांवरून ८३ हजारांवर. सरकारचा एक पौंड आणि त्यावर खाजगी चार पौंड, हे कोणालाही आवडेल असे गणित आहे.

आता हेच आकडे आपण जरा उलटून पाहू. १८६ कोटींना नव्या ५८ हजार नोकऱ्यांनी भागले तर दर नोकरीमागे सुमारे ३२ हजार पौंड पडतात. पण त्या साऱ्या नव्या होत्या का? वृत्तपत्रे फ्लीट स्ट्रीटवरून उठून आली. १९८६ मध्ये टाइम्स आणि सनचे छपाईचे काम वॉपिंगला हलले तेव्हा पाच हजारांहून अधिक जुन्या कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. बँकांचीही बरीचशी माणसे सिटीतून दोन-तीन मैल सरकली, इतकेच. समजा यांतल्या निम्म्या नोकऱ्या दुसरीकडून उठून आल्या असे धरले, तर देशाच्या दृष्टीने एका नव्या नोकरीची किंमत दुप्पट होते. शिवाय करमाफीत बुडालेला महसूल आणि ज्युबिली लाइनचे ३५० कोटी या ताळेबंदात नाहीत. ही रेल्वे काही फक्त डॉकलंड्ससाठी नाही आणि तिचा काही वाटा कॅनरी व्हॉर्फच्या मालकांकडूनही आला, हे खरे. तरीही ती सरकारी बाजूला मिळवली तर एकास चारचे प्रमाण एकास दीडच्याही खाली येते.

याचा अर्थ प्रयोग फसला असा नाही. कॅनरी व्हॉर्फमध्ये पुढे लाखाच्या वर माणसे कामाला आली, २०२२ मध्ये एलिझाबेथ लाइनही तिथे पोहोचली. ओसाड गोदी तशीच ठेवण्यालाही किंमत असतेच, ती फक्त कोणाच्या वहीत लिहिली जात नाही. मुद्दा असा की, पडीक जमीन स्वस्त दिली म्हणजे तिथे उद्योग आपोआप उगवतो हा समज या प्रयोगाने खोटा पाडला. जमिनीला किंमत आली ती रुळांमुळे आणि बोगद्यांमुळे. रूळ घातले जनतेच्या पैशाने. किंमत वाढली तेव्हा मात्र जमीन बरीचशी दुसऱ्याच्या नावावर होती.

आणि जुना गोदी कामगार? त्याला बँकेत कोण घेणार? टॉवर हॅम्लेट्समध्ये आजही बालदारिद्र्याचे प्रमाण देशातल्या सर्वाधिक भागांत मोडते, आणि ही मुले त्या मनोऱ्यांच्या सावलीत राहतात. रस्ता एकच, पण त्याच्या दोन बाजूंना दोन गावे आहेत.

सॅल्फर्ड आणि त्याचे शेजारी

उत्तरेतली गोष्ट थोडी निराळी आहे. १९८१ च्या जुलैत लिव्हरपूलच्या टॉक्सटेथ भागात दंगल झाली. तेव्हा अर्थमंत्री जेफ्री हाउ यांनी पंतप्रधानांना खाजगीत असे सुचवले होते की, या शहरावर मर्यादित पैसा उधळण्यापेक्षा त्याचा ऱ्हास शिस्तीने होऊ द्यावा, याचाही विचार करावा. हे कागद तीस वर्षांनी, २०११ च्या अखेरीस खुले झाले. हेसेल्टाइन यांनी उलट भूमिका घेतली. १९७२ मध्ये बंद पडलेली आल्बर्ट गोदी १९८४ पासून टप्प्याटप्प्याने पुन्हा उघडली, १९८८ मध्ये तिथे टेट कलादालन आले आणि २००८ मध्ये लिव्हरपूल युरोपची सांस्कृतिक राजधानी झाले. नुसता आर्थिक व्यवहार्यतेचा निकष लावला असता तर १९८१ साली या शहराचा निकाल लागलेलाच होता. व्यवहार्यता म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. ती किती वर्षांचा हिशेब धरता यावर ठरते.

मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डने तिसरा मार्ग धरला. ३६ मैलांचा कालवा खणून १८९४ मध्ये या शहरांनी समुद्र आपल्या दारात आणला होता. १९८२ मध्ये सॅल्फर्डच्या गोद्या बंद पडल्या. इथे जमीन नेमलेल्या महामंडळाने नव्हे, तर सॅल्फर्डच्या पालिकेने स्वतः विकत घेतली. आधी बांध घालून गोदीचे पाणी घाणेरड्या कालव्यापासून तोडले, ते स्वच्छ केले, रस्ते केले आणि मग बांधणाऱ्यांना बोलावले. २००० मध्ये लॉरी नाट्यगृह आले, ट्राम आली, २०११ मध्ये बी.बी.सी.चे काही विभाग लंडनहून तिथे आले. सुरुवातीपासून मोजले तर तीस वर्षे. निवडणूक दर चार-पाच वर्षांनी येते, त्यामुळे असे काम कोणा एका मंत्र्याच्या खात्यावर जमा होत नाही. म्हणूनच ते कमी वेळा घडते.

तरीही सॅल्फर्डच्या उजेडाने ओल्डहॅमचा अंधार गेला नाही. ओल्डहॅमचे नाव आपल्याला परके असायचे कारण नाही. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतली पहिली कापडगिरणी काढली, त्यानंतर गिरणगावात ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रे कित्येक पिढ्या धडधडत होती. लँकेशायर आणि मुंबई यांचे नाते सवतीचे. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ मध्ये लँकेशायरचे कामगार कापसाविना उपाशी राहिले, तेव्हा मुंबईचे कापूसव्यापारी गबर झाले. पुढे लँकेशायरच्या दडपणाखाली १८९६ पासून हिंदी कापडावर साडेतीन टक्क्यांचा अबकारी कर बसला, तो १९२५-२६ पर्यंत टिकला. १९३१ मध्ये गांधीजी लँकेशायरला डार्वेनमध्ये गेले तेव्हा बेकार गिरणी कामगारांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. मालकांच्या भांडणात दोन्हीकडच्या कामगारांचे दुःख एकच होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर या गिरण्यांनी रात्रपाळीसाठी पाकिस्तान, बांगलादेश आणि भारतातून माणसे आणली. मग गिरण्याच बंद पडल्या. ही माणसे आणि त्यांचे गोरे शेजारी, दोघेही एकाच वेळी बेकार झाले, पण वेगवेगळ्या गल्ल्यांत. २००१ च्या उन्हाळ्यात ओल्डहॅम, बर्नली आणि ब्रॅडफर्डमध्ये दंगली झाल्या. चौकशीत असे आढळले की, तिथले समाज एकमेकांना न भेटता समांतर आयुष्ये जगत होते. मँचेस्टरच्या मध्यापासून ओल्डहॅम सात-आठ मैलांवर. मँचेस्टरची पहिली ट्राम १९९२ मध्ये धावली, ओल्डहॅमला ती पोहोचली २०१२ मध्ये. मोठ्या शहराचा कायापालट झाला की आसपासच्या गावांना आपोआप ओलावा मिळतो, असे योजनाकार सांगतात. मिळतो, पण पाट खणले तर.

गिरणगावाचा धडा

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. गिरण्या आधीपासूनच खंगत होत्या. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग त्यांचे काम ओढून नेत होते. उरल्या त्या मुंबईच्या मध्यभागातल्या सुमारे सहाशे एकर जमिनी.

१९९१ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आणला. गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारणपणे एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. कागदावर हा नियम लंडनच्या तुलनेत कितीतरी न्याय्य होता. जमिनीच्या वाढत्या किमतीतला समाजाचा वाटा त्यात आधीच राखून ठेवला होता. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सरकारी गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित आराखडाही सुचवला. पण २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरतीच उरली. गिरणी उभी असलेली जमीन तिच्यातून सुटली, आणि गिरणीने तर बहुतेक आवार व्यापलेले. प्रकरण न्यायालयात गेले. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने जनतेच्या बाजूने कौल दिला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम केला. म्हाडाने २०१२ पासून गिरणी कामगारांच्या घरांसाठी सोडती काढल्या. अर्ज दीड लाखांच्या आसपास आले आणि घरे त्या मानाने मूठभर.

आणि रूळ? परळ-लोअर परळला गिरण्यांच्या जागी कार्यालये आली, हजारो नवी माणसे रोज त्याच जुन्या स्थानकांत उतरू लागली. पूल मात्र गिरण्यांच्या काळचेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे मेली. पावसामुळे लोक जिन्यावर थांबले होते, एवढेच तात्कालिक कारण. लंडनने रेल्वे उशिरा बांधली आणि तिची किंमत पौंडांत मोजली. मुंबईने ती बांधलीच नाही. किंमत कोणीतरी देतोच.

पुढच्या जमिनी

हा सारा इतिहास उगाळण्याचे कारण असे की, प्रश्न संपलेला नाही. वेल्समधल्या पोर्ट टॅल्बटला, टाटांनी २००७ मध्ये कोरसबरोबर घेतलेल्या पोलाद कारखान्यातली शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी विझली. तिच्या जागी विजेची भट्टी येणार असे ठरले. खर्च १२५ कोटी पौंड, त्यातले ५० कोटी सरकारचे. पण विजेच्या भट्टीला माणसे कमी लागतात. नागपूरची एम्प्रेस मिल काढणाऱ्या घराण्याचे नाव आज एका वेल्श गावाच्या भवितव्याशी जोडलेले आहे. दुसरीकडे कॅनरी व्हॉर्फही आता तरुण राहिलेले नाही. एच.एस.बी.सी. बँकेने तिथले मुख्य कार्यालय पुन्हा सिटीत नेण्याचा बेत २०२३ मध्ये जाहीर केला. एकाच धंद्यावर उभा राहिलेला परिसर, मग तो साखरेचा असो की बँकांचा, कधी ना कधी म्हातारा होतोच.

आणि मुंबईत पूर्व किनारा आहे. ससून गोदीपासून वडाळ्यापर्यंतच्या पट्ट्यातली बंदराची जमीन, सुमारे १,८०० एकर, गिरण्यांच्या जमिनीच्या तिप्पट. २०१४ मध्ये राणी जाधव समितीने तिच्याविषयी अहवाल दिला, २०१८ मध्ये तिच्या बऱ्याचशा भागासाठी बंदर संस्थेलाच विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले. म्हणजे लंडनप्रमाणेच जमिनीचा धनी आणि योजनाकार एकच. ही जमीन सार्वजनिक मालकीची आहे, हे मोठे भाग्य. गिरण्यांच्या वेळी ते बव्हंशी नव्हते.

अशा प्रत्येक योजनेला तीन साधे प्रश्न विचारावेत, असे या इतिहासावरून वाटते. इमारतींच्या आधी रूळ, पूल आणि नळ येणार आहेत का? जमिनीची किंमत दहापट होईल तेव्हा वाढीतला किती वाटा लोकांचा, आणि तो नियम पुढे बदलता येणार नाही याची तजवीज काय? आणि जे तिथे आज राहतात व राबतात, त्यांची मुले नव्या इमारतीत कोणत्या दाराने आत जातील, साहेबाच्या की सफाईच्या? आपल्यापैकी जे वास्तुशास्त्र, वित्त किंवा वाहतुकीच्या क्षेत्रात इथे नाव कमावून आहेत, त्यांच्याकडे मुंबईहून सल्ला मागायला लोक येतात. त्यांनी मनोऱ्यांची छायाचित्रे जरूर दाखवावीत. त्याबरोबर लाइमहाउसच्या बोगद्याचे बिल आणि ओल्डहॅमच्या ट्रामचे साल हेही सांगावे.